नवी वेस, जुना वेसकर

सार्वजनिक जागा चालल्या म्हणून हल्ली मुंबईत पुष्कळ लोक गळा काढतात. मैदान गेलं, गिरणी गेली, फूटपाथ गेला, उभं राहायला जागा नाही म्हणतात. परिसंवाद होतात. आर्किटेक्ट लोक पडद्यावर नकाशे दाखवतात, त्यातले हिरवे ठिपके वर्षागणिक कमी होत गेलेले. मीही जातो आणि मागच्या खुर्चीवर बसतो. त्यांचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. या शहरात माणशी दीड चौरस मीटरही मोकळी जागा येत नाही, म्हणजे एक खाट टाकली की संपली. पण दर वेळी एक प्रश्न माझ्या घशाशी येतो आणि तिथे विचारायचा राहून जातो. म्हणून तो इथे, आपल्या माणसांत विचारतो. जी जागा गेली ती आपली होती कधी? आणि नव्हती, तर ती गेली म्हणून आपण का रडावं?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही. माझ्या मावसभावाने तो माझ्यापुढे आणून टाकला.

मावसभाऊ एका मॉलवर सिक्युरिटीत आहे. बारा तासांची ड्युटी, ठेकेदाराचा पगार, गणवेशाचे पैसे पगारातून कापलेले. मॉल गिरणीच्या जागेवर उभा आहे. मागच्या एका सहा डिसेंबरला, भर दुपारी, परभणीकडच्या पाच-सहा बाया त्याच्या गेटाशेजारच्या पायऱ्यांवर येऊन टेकल्या. रात्रभर गाडीत उभ्या, पहाटेपासून चैत्यभूमीच्या रांगेत, आणि आता कुणा नातेवाइकाची चाळ शोधत पायी निघालेल्या. पायऱ्या गार होत्या, वर छज्जाची सावली होती. त्यांनी फडकं सोडलं, भाकरी काढली. इकडे वॉकीटॉकीवर आवाज आला, स्टेप्स क्लिअर करो. हा गेला. म्हणाला, "मावशी, उठा, इथं बसायचं नाही." एक म्हातारी म्हणाली, "चार घास खातो आन् उठतो की रे लेकरा." हा म्हणाला, "साहेब बघतोय." त्यांनी फडकं परत बांधलं. उठताना बरोबरच्या पोरीने त्याच्या छातीवरची पट्टी वाचली, मोठ्याने, आडनावासकट. म्हातारी थांबली. तिने हात जोडले आणि म्हणाली, "जयभीम, लेकरा."

आणि ह्याने जयभीमला जयभीम केला नाही. वर कॅमेरा होता.

हे त्याने स्वतःहून सांगितलं, दोन महिन्यांनी, एका रात्री. मी पेटलो. म्हणलं, लाज नाही वाटली तुला? तो शांतपणे म्हणाला, "दादा, तू लेख लिही. मला त्या महिन्यात पोरीची फी भरायची होती."

तेव्हापासून हा लेख लिहितो आहे.

जुन्या गावगाड्यात महाराकडे एक काम होतं, वेसकरीचं. गावाची वेस राखायची, रात्री दरवाजा लावायचा, परक्याला अडवायचं, आल्यागेल्याची वर्दी पाटलाला द्यायची. वेस राखणाऱ्याचं घर मात्र वेशीच्या बाहेर. ज्या भिंतीने त्याला बाहेर ठेवलं तिचाच तो पहारेकरी. मोबदला काय, तर बलुतं, वतनाचा तुकडा आणि दारोदार मागितलेली भाकरी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महारवतनाचं बिल आणलं ते का, हे आपण अभ्यासवर्गात शिकवतो. वतनाने पोट भरत नाही आणि माणूस मात्र बांधला जातो. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं गेली. वेसकर गेला नाही. त्याला गणवेश मिळाला, शिट्टी मिळाली आणि पाटलाच्या जागी ठेकेदार मिळाला.

मग दोष कुणाचा? भाऊ म्हणतो, हुकुमाचा. तेवढ्याने मी त्याला सोडत नाही, कारण बाबासाहेबांनीही वतनदाराला सोडलं नव्हतं. उपाशी राहा पण हे काम टाका, असं त्यांनी आपल्याच माणसांना तोंडावर सांगितलं. पण मी तरी कोण? माझ्या पोरांची फी सरकारी नोकरीवर भरली गेली. मी त्याला दोष द्यायचं सोडलं. त्याने स्वतःला दोष द्यायचं सोडलेलं नाही, आणि ते एका अर्थी बरं आहे असं मला वाटतं. फक्त दोघांनी मिळून एक गोष्ट करायची राहिली होती. वेसकरावर डोळे वटारताना आमची नजर वेशीवर गेलीच नव्हती. ही वेस कुणी आखली?

आमचं गाव महाड तालुक्यातलं. म्हणून की काय, माझा विचार कुठूनही निघाला तरी तळ्यावर येऊन थांबतो. चवदार तळ्याची गोष्ट आपण सगळे सांगतो, पण २० मार्च १९२७ ला ओंजळ भरली की आपली गोष्ट संपते. पुढचा भाग कोर्टातला आहे आणि आजच्या प्रश्नाची नाळ तिथे पुरलेली आहे. १९२३ साली कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेने ठराव करून तळं खुलं केलं. आपली माणसं पाणी प्याली, मार खाल्ला. ऑगस्टात पालिकेने ठराव मागे घेतला. आणि डिसेंबरात स्पृश्य मंडळी दिवाणी कोर्टात गेली ती कशासाठी? आम्ही श्रेष्ठ आहोत असं जाहीर करून द्या, असं त्यांनी मागितलं नाही. वकील हुशार होते. हे तळं फक्त स्पृश्यांच्या खाजगी मालकीसारखं आहे, असं जाहीर करून द्या, अशी मागणी होती.

खाजगी! जनावरं येऊन पाणी पीत, मुसलमान भरत, भोवताली पालिकेचे रस्ते, आणि तळं खाजगी. धर्म जिथे पुरला नाही तिथे मालकी पुढे केली. म्हणून मी म्हणतो, सार्वजनिक जागेचं खाजगीकरण हे १९९१ नंतरचं नवं संकट म्हणून आपल्याला कुणी शिकवू नये. या देशात त्याचा खटला आपल्यावर भरला गेला आणि तो आपण जवळजवळ दहा वर्षं लढलो. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने निकाल दिला. तळं पालिकेचं, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही.

आता याच गोष्टीतला दुसरा तुकडा, जो पहिल्याला छेद देतो. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला महाडात सवर्णांपैकी कुणी जागा दिली नाही. मांडव पडला तो एका मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर. मनुस्मृती जळाली ती एका माणसाच्या खाजगी जागेत. कागदावर सार्वजनिक होतं ते तळं बंद होतं आणि कागदावर खाजगी होती ती जागा हजारोंना खुली होती. तेव्हा सातबारा बघून जागेची जात ठरत नाही. मी याच्यावर पुष्कळ डोकं खाजवलं आहे.

गिरणगावाचंही असंच. डाव्या मित्रांना गिरणगाव आठवलं की डोळे भरून येतात. नाक्यावरच्या सभा, शाहिरी, खानावळी. खरं आहे सगळं, माझा बाप १९८२ च्या संपात रस्त्यावर आला, मला कुणी सांगायला नको. पण माझ्या आज्याच्या काळी आपल्या माणसाला विणकामाच्या साचेखात्यात पाऊल टाकता येत नव्हतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपलं तोंड विटाळाचं. पगार तिथे जास्त, म्हणून आपण रिंगखात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा वर्गबंधुत्वाची कशी तारांबळ उडाली ते वाचून ठेवा. आणि गिरणी सार्वजनिक होतीच कुठे? ती मालकाची. तिला भोंगा होता, गेट होतं, गेटावर पहारेकरी होता.

ती सार्वजनिक व्हायची एक संधी मात्र आली होती. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर, शहराच्या ऐन पोटात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. गिरणी पाडून जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया या आर्किटेक्टच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यांनी जमिनीचा एकत्र विचार करून आराखडा दिला, तो कागदावर राहिला. २००१ साली कलमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न करता फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची. गिरणीच्या आवारात शेडच शेड, मोकळं ते काय असणार? शहराचा वाटा आटून गेला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही दुरुस्ती कायम केली. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकर इकडचे तिकडे झाले, आणि कुठे दगड पडला नाही की लाठी उठली नाही.

याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवा. १९८१ च्या पावसाळ्यात फूटपाथवरची माणसं गाडीत भरून शहराबाहेर काढायची मोहीम निघाली. खटला सुप्रीम कोर्टात गेला, जुलै १९८५ ला निकाल लागला. कोर्टाने मोठी गोष्ट मान्य केली, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. पण फूटपाथ चालण्यासाठी आहे, त्यावर घर बांधायचा हक्क कुणाला नाही, नोटीस देऊन हटवता येईल. तत्त्व म्हणून बरोबरही असेल. पण १९७२ च्या दुष्काळाने घरातून उपटून काढलेला माणूस सहा फुटांचं पोतं टाकतो तेव्हा ते अतिक्रमण, आणि शेकडो एकरांवर गेट बसतं तेव्हा तो विकास. सार्वजनिक हा शब्द कुणाच्या हातात आहे त्यावर तो भाकरी होतो की दंडुका होतो ते ठरतं. हाच शब्द पुढे करून फेरीवाल्याची हातगाडी उचलतात, आणि याच शब्दाखाली पालिकेची मैदानं दत्तक म्हणून दिली गेली. त्यांतल्या काहींवर क्लब उभे राहिले आणि सभासदत्वाशिवाय आत जाता येईना.

इथे मी माझ्याच प्रश्नाला उत्तर द्यायला लागतो. जागा आपली नव्हती, तर का रडावं? रडू नये. जे कधी नव्हतं त्याचं सुतक पाळायचं नसतं. महाडला तरी तळं परत मिळवायला कोण गेलं होतं? तळं आधी सार्वजनिक होतं आणि मग आपण त्यात शिरलो, असं झालेलं नाही. आपण शिरलो म्हणून ते सार्वजनिक झालं. त्याआधी ते फक्त पुष्कळ लोकांचं खाजगी होतं. २०११ च्या सहा डिसेंबरला इंदू मिलच्या गेटातून आपली माणसं आत घुसली तेव्हा ती जमीन केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाची होती, म्हणजे कागदावर जनतेचीच. जनता आत गेली तेव्हा कळलं की ती जनतेची आहे.

अमेरिकेतही २०११ साली न्यूयॉर्कमध्ये पैसेवाल्यांविरुद्ध बसलेली पोरं ज्या झुकोटी पार्कात बसली ते पार्क खाजगी कंपनीचं निघालं. जास्त मजले बांधू दिले त्याच्या बदल्यात लोकांसाठी खुलं ठेवलेलं, असा त्यांचा १९६१ पासूनचा नियम. दोन महिने बसली, मग पोलिसांनी उठवलं.

आता आर्किटेक्टकडे येतो, कारण वेस कुणी आखली हा प्रश्न अजून तसाच आहे.

आर्किटेक्ट म्हणतो, मी काय करणार, मालक सांगतो तसं काढतो. म्हणजे तोही वेसकरच म्हणायचा! पण त्याच्या पोरीची फी अडलेली नसते, एवढा फरक धरा. टॉवरमध्ये राहणाऱ्यांची लिफ्ट वेगळी आणि मोलकरणीची, कचरेवाल्याची वेगळी, ही रेघ कुणाच्या हाताने ओढली? ड्रायव्हरचा संडास तळघरात गाड्यांच्या धुरात कुणी ढकलला? बाकड्याच्या मधोमध लोखंडी दांडी, कुणी आडवं होऊ नये म्हणून. २०१८ साली फोर्टात एका बँकेने कठड्यावर खिळे उभे केले होते, लोकांनी ओरड केली तेव्हा काढले. खिळे दिसतात म्हणून ओरड होते. गुळगुळीत उतरता दगड दिसत नाही, काढून टाकलेलं झाड दिसत नाही. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता गेली. कलमाला पायरीची उंची मोजता येत नाही.

खरं तर बाबासाहेबांनी इथेही वाट करून ठेवली आहे. १५ वं कलम उघडा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात तळी, विहिरी, घाट, रस्ते तर आहेतच, पण त्याआधी दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, करमणुकीच्या जागा आहेत. खाजगी! म्हणजे जो दुकान मांडून जगाला बोलावतो त्याला जगातून जात बघून माणसं निवडता येणार नाहीत. मालकी त्याची, उंबरा त्याचा नाही. मॉलवाला हे कलम मोडत नाही, मोठा सभ्य आहे तो. जात विचारत नाही. पायात काय आहे, डोक्यावर गाठोडं आहे का, अंगाला प्रवासाचा वास येतो का, एवढंच बघायला गेटावरच्या माणसाला शिकवतो. आणि गाळून गाळून बाहेर राहतात ते कोण, हे तुम्हीआम्ही जाणतो.

मला कुणी आर्किटेक्टने विचारलं, तुम्ही लोक टीका करता, सांगा काय काढू, तर मी म्हणेन, नळ काढ. पुढच्या दारापाशी, रस्त्याच्या बाजूला, सावलीत पाण्याचा नळ. त्याच्या शेजारी गुडघ्याएवढ्या उंचीचा रुंद कट्टा, दांडीशिवाय. आणि एक संडास, ज्याची किल्ली कुणाकडे मागावी लागणार नाही. फार क्रांतिकारक मागणी नाही ही. पण बघा, आजच्या कुठल्याही चकचकीत इमारतीला ही कसोटी लावून बघा: तू कोण, कशाला आलास असं कुणी न विचारता तिथे ओंजळभर पाणी पिता येतं का? आत बाटली विकत मिळते. महाडला बाटली विकत मिळाली असती तर सत्याग्रह मिटला असता का?

मुंबईत जुन्या दगडी पाणपोया आहेत, एकोणिसाव्या शतकात धनिकांनी दानधर्म म्हणून बांधलेल्या. नक्षीकाम सुरेख. पुष्कळ कोरड्या पडल्या, काही अलीकडे दुरुस्त झाल्या. त्यांच्यावर कोण कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतत होतं ते दगडावर कोरलेलं नाही, म्हणून मी त्यांचं फार कौतुक करणार नाही. पण पुढच्या तोंडाला पाणी काढण्याची बुद्धी त्या काळच्या बांधणाऱ्याला होती, एवढं खरं.

आणि एक उदाहरण ब्राझीलचं देतो, कारण वर्ष तेच आहे. १९८२ साली इकडे आमचे बाप संपावर असताना साव पाउलो शहरात पिंपं बनवण्याचा एक बंद कारखाना लोकांसाठी उघडला गेला. लीना बो बार्दी नावाची बाई आर्किटेक्ट. ती पहिल्यांदा जागा बघायला गेली तेव्हा आसपासची माणसं त्या रिकाम्या शेडमध्ये आधीच येऊन बसत होती, पोरं चेंडू खेळत होती. तिने शेड पाडले नाहीत. आत वाचनालय, नाट्यगृह, खानावळ, मागे खेळाच्या इमारती, आणि शहराचा रस्ता तसाच आतपर्यंत नेला. त्याला म्हणतात सेस्क पोंपेया. तीही संस्था सरकारची नव्हे, व्यापारी क्षेत्रावरच्या वर्गणीतून चालते. महाडच्या त्या मुसलमान गृहस्थाच्या जमिनीसारखंच हे. कागद वेगळं बोलतो, उंबरा वेगळं बोलतो. इकडे गिरण्यांचे शेड होते, संपाने बेकार झालेली माणसं होती, आणि आराखडाही होता. एवढं सगळं असून पायरीवर सिक्युरिटी आला.

पण मित्रांनो, दुसऱ्याच्या गेटावर बोट दाखवताना एकदा आपलं गेट बघू या. आपल्या वस्तीतलं समाजमंदिर कुणाच्या ताब्यात आहे? आमच्याकडची किल्ली एका पुढाऱ्याच्या घरी खुंटीला असते. लग्नाला भाड्याने जातं. पोरांनी अभ्यासाला मागितलं तर लाइटबिलाचं कारण. पुतळ्याभोवती आपण कठडा घातला, कठड्याला कुलूप घातलं. १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारात दहा माणसं गेली, तेव्हापासून विटंबनेची धास्ती आहे, कुलपामागचं कारण मला कळतं. पण त्या कुलपाने बाबासाहेबांच्या पायाशी दुपारची टेकणारी म्हातारीही बाहेर राहिली. संध्याकाळी मैदानात आपली पोरं बसतात, आपल्या पोरी बसतात का? हा प्रश्न मला माझ्या मुलीने विचारला आणि मी विषय बदलला.

नागपूरला १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर लोक उठले. भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम चाललं होतं. लोकांनी आत शिरून ते उधळून लावलं आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. आराखडा सुशोभीकरणाचा होता, पैसा मोठा होता. पण ज्या मातीवर माणसं दर साली येऊन अंग टाकतात तिच्या पोटात गाड्या ठेवायच्या का, हे त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. तोडफोड योग्य की अयोग्य यावर आपल्यात वाद आहे, असू दे. माझ्या डोक्यात मात्र दुसरीच गोष्ट राहिली. तिथे लोकांनी नकाशा वाचला होता. आपल्या पोरांनी इमारतींचे नकाशे वाचायला शिकलं पाहिजे, गेट कुठे, पाणी कुठे, मागचं दार कुणासाठी. आपल्यातले काही आर्किटेक्ट झालेही आहेत. ते कुणासाठी काय काढतात ते त्यांना भेटून विचारायला हवं, भांडायला हवं.

गेल्या सहा डिसेंबरनंतर भाऊ घरी आला. जेवताना म्हणाला, मागच्या अंगाला, सर्व्हिस गेटापाशी गाड्या धुवायचा नळ आहे. तिथवर कॅमेरा पोचत नाही. चाळीस-पन्नास जणांना त्याने तिथे नेलं, पाणी पाजलं, बाटल्या भरून दिल्या. आणि जयभीम? म्हणलं. म्हणाला, "केला. सगळ्यांना केला."

मला बरं वाटलं, आणि लगेच खुपलंही. मागचं दार. आपली माणसं परत मागच्या दाराने. मी म्हणलं, "पुढच्या दाराचं काय?"

त्याने ताटातला भात कालवला. "पुढच्या दाराला नळच नाही, दादा. काढणाऱ्याने काढलाच नाही."